आघात, अ आणि उभी रेघ

इंग्रजी शब्दात दोन किंवा अधिक अवयव असले, की त्यांपैकी एक अवयव इतरांपेक्षा ठळक उच्चारला जातो. या ठळकपणाला आघात म्हणतात. अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा, मध्ये स्वर असलेला तुकडा. भाषाविज्ञानाच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘अक्षर’ असे नाव आहे. पण शाळेपासून अक्षर म्हणजे कागदावरची खूण अशी सवय पडलेली असते, म्हणून येथे ‘अवयव’ हाच शब्द ठेवला आहे. ‘टेबल’ या शब्दात दोन अवयव आहेत आणि आघात पहिल्यावर आहे. ‘हॉटेल’मध्येही दोनच आहेत, आघात मात्र दुसऱ्यावर. मराठी बोलताना हे दोन्ही शब्द एकाच ठेक्यात म्हटले जातात आणि त्याने कुणाचे काही अडत नाही. इंग्रजीत अडते.

अडते याचे कारण असे, की इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखताना त्यातल्या ध्वनींइतकाच त्याच्या ठेक्यावर विसंबतो. ‘डेव्हलप’ हा शब्द इंग्रजीत ‘डि-वे-लप’ असा, मधला अवयव ठळक करून म्हटला जातो. तो पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटला, तर प्रत्येक व्यंजन बरोबर असूनही ऐकणारा क्षणभर चाचपडतो. भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत समजते, या विषयावरचा आर. के. बन्सल यांचा अभ्यास हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशने 1969 मध्ये प्रसिद्ध केला. न समजण्याची जी कारणे त्यात आढळली, त्यांत चुकीच्या अवयवावर पडलेला आघात हे एक प्रमुख कारण होते. आपल्याकडे इंग्रजी उच्चारांची चर्चा बहुधा ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या मानाने आघाताकडे लक्ष जात नाही, कारण तो लिहिलेला दिसत नाही.

आघात म्हणजे मोठ्याने बोलणे, अशी पहिली समजूत असते. ती अपुरी आहे. ठळक अवयव चार गोष्टींनी ठळक होतो: त्याची पट्टी बदलते, तो लांबतो, तो थोडा मोठ्याने येतो आणि त्यातला स्वर स्वच्छ, पूर्ण उच्चारला जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डेनिस फ्राय यांनी 1955 आणि 1958 मध्ये यंत्राने तयार केलेले शब्द लोकांना ऐकवून यातले कोणते लक्षण किती प्रभावी ठरते हे तपासले. आवाजाचा मोठेपणा लांबीपुढे फिका पडला आणि पट्टीतला बदल सर्वांत परिणामकारक ठरला. म्हणजे विद्यार्थ्याला ‘जोर दे’ असे सांगणारा शिक्षक त्याच्या हाती चारांतले फारसे उपयोगी नसलेले साधन देतो. ‘लांबव आणि सूर हलव’ हे सांगणे जास्त कामाचे.

पण खरी मेख ठळक अवयवात नाही, उरलेल्या अवयवांत आहे. इंग्रजीत ज्या अवयवावर आघात नसतो, त्यातला स्वर बहुधा आपले रूप टाकून देतो आणि एका पुसट, तोंडाच्या मध्यावर होणाऱ्या स्वरात विरघळतो. या स्वराला इंग्रजी ध्वनिशास्त्रात ‘श्वा’ म्हणतात; नाव हिब्रूतून आलेले आहे. ‘बनाना’ या शब्दात ‘ए’ हे अक्षर तीनदा येते. त्यातले मधले तेवढे खरोखर ‘आ’ आहे, पहिले आणि तिसरे श्वा आहेत. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्यावर, उच्चार साधारण ‘फो-ट-ग्राफ’. ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द ‘फ-टॉ-ग्र-फ’ असा होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर: ‘फो-ट-ग्रॅ-फिक’. स्पेलिंगमधला ‘ओ’ तोच, पण आघात कुठे बसला त्यावर तो कधी ओ, कधी ऑ, तर कधी काहीच नसल्यासारखा. मराठी वक्ता या तिन्ही शब्दांत ‘फोटो’ जसाच्या तसा ठेवतो. आघात जागचा हलला तरी स्वर हलले नाहीत, तर शब्द इंग्रजी कानाला परकाच वाटतो.

हा श्वा मराठी माणसाला शिकावा लागत नाही, तो त्याच्याजवळ आहे. ‘घर’मधला घ उच्चारताना जो अ येतो, तो श्वाच्या अगदी शेजारचा स्वर आहे. गंमत अशी, की दोन्ही लिप्यांनी या स्वराला सारखेच वागवले आहे. देवनागरीत तो व्यंजनातच गृहीत धरला जातो, त्याला काना-मात्रा काही नाही. इंग्रजीत त्याच्यासाठी सव्वीस अक्षरांपैकी एकही राखून ठेवलेले नाही. ‘ए’, ‘ई’, ‘ओ’, ‘यू’ यांपैकी कुणाच्याही वेषात तो येतो. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि छापील इंग्रजीत दिसत नाही तोही हाच.

स्वर विरघळण्याची क्रियाही मराठीला अपरिचित नाही. ‘माणूस’ला विभक्तिप्रत्यय लागला की ‘माणसाला’ होते. ऊ गेला, अ आला, आणि भराभर बोलताना तोही गळून ‘माण्साला’ उरते. ‘लाकूड’चे ‘लाकडाला’ होते. ‘फूल’चे ‘फुलाला’, ‘बहीण’चे ‘बहिणीला’ होताना दीर्घ स्वर आखडतो. शब्दाचे वजन पुढे सरकले की मागचा स्वर क्षीण होतो. ‘फोटोग्राफ’पासून ‘फोटोग्राफर’ होताना जे घडते, ते याच जातीचे आहे. फरक एवढाच, की मराठीने हा बदल शुद्धलेखनात नोंदवला आणि इंग्रजीने नोंदवला नाही. मराठी शाळेत इंग्रजी उच्चार शिकवताना ‘माणूस–माणसाला’ ही जोडी फळ्यावर लिहिली, तर निम्मे काम तिथेच होईल.

मराठीत आघात नाही असे नव्हे. तो अर्थ बदलत नाही, आणि साधारणपणे दीर्घ किंवा जोडाक्षरामुळे जड झालेल्या अवयवाकडे आपोआप ओढला जातो. इंग्रजीतून आलेल्या जुन्या शब्दांवर याची खूण उमटली आहे. ‘तिकीट’, ‘पाकीट’, ‘बिस्कीट’ या तिघांचे मूळ इंग्रजी शब्द पहिल्या अवयवावर आघात असलेले आहेत आणि त्यांचा शेवटचा स्वर ऱ्हस्व, पुसट आहे. मराठीने अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ करण्याच्या आपल्या नियमाने त्यांना वागवले आणि वजन शेवटाकडे नेले. हे शब्द आता मराठी आहेत आणि मराठीत त्यांचा उच्चार हाच शुद्ध. अडचण होते ती मराठी तिकीट इंग्रजी वाक्यात चालवताना.

आघाताने अर्थ बदलतो, ही कल्पना आपल्या परंपरेत मात्र फार जुनी आहे. वैदिक संस्कृतात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे स्वरभेद होते. कथा अशी, की त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, पण ‘इंद्रशत्रु’ या शब्दातला उदात्त अंत्य अवयवाऐवजी आरंभी गेला. ‘इंद्राला मारणारा’ या तत्पुरुषाचा ‘इंद्र ज्याला मारणार आहे तो’ असा बहुव्रीही झाला आणि तो पुत्र, वृत्र, इंद्राच्या हातून मेला. पतंजलीने महाभाष्यात व्याकरण शिकण्याच्या प्रयोजनांत ही कथा घेतली आहे. वैदिक स्वर मुख्यतः पट्टीचा, इंग्रजी आघात चार लक्षणांचा; दोन्ही एक नव्हेत. तरी ‘आघात चुकला तर काय होते’ या प्रश्नाला याहून जुने आणि जास्त महागात पडलेले उत्तर सापडणे कठीण.

इंग्रजीत असा अर्थभेद मुख्यतः नाम आणि क्रियापद यांच्यात दिसतो. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘ऑब्जेक्ट’, ‘परमिट’, ‘प्रेझेंट’, ‘प्रोड्यूस’, ‘कॉन्ट्रॅक्ट’, ‘एक्सपोर्ट’ हे याच पंक्तीतले. ही व्यवस्था मुळापासून नव्हती. 1570 च्या सुमारास अशा जोड्या फक्त तीन होत्या, ‘आउटलॉ’, ‘रेबेल’ आणि ‘रेकॉर्ड’. 1800 पर्यंत त्या सत्तरच्या घरात गेल्या आणि 1934 मध्ये दीडशेच्या आसपास मोजल्या गेल्या. मात्र हा नियम सरसकट लावता येत नाही. ‘रिपोर्ट’, ‘रिप्लाय’, ‘सपोर्ट’ यांची नामे आणि क्रियापदे दोन्ही दुसऱ्या अवयवावरच आघात घेतात, आणि ‘ऑर्डर’, ‘ऑफर’ पहिल्यावर.

इंग्रजी आघाताचा सगळा गुंता या भाषेच्या वंशावळीतून आलेला आहे. इंग्रजी जर्मानिक कुळातली, आणि त्या कुळात आघात धातूच्या पहिल्या अवयवावर असतो. ‘फादर’, ‘वॉटर’, ‘समर’, ‘हंग्री’ असे घरचे शब्द त्यामुळे सरळ आहेत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, पुढे लॅटिन आणि ग्रीक शब्द विद्वानांनी आणले. लॅटिनमध्ये आघात शेवटून मोजला जातो: शेवटून दुसरा अवयव जड असेल तर त्यावर, नसेल तर त्याच्या मागच्यावर. एका घराण्याने आरंभाकडून मोजायचे, दुसऱ्याने शेवटाकडून, आणि दोघांनी एकाच घरात राहायचे अशी ही स्थिती आहे. म्हणून परक्या घराण्यातले लांब शब्द शिकताना शेवट पाहावा लागतो.

शेवटचा प्रत्यय पाहिला की बरेच कळते. ‘-शन’, ‘-इक’, ‘-इकल’, ‘-इटी’, ‘-इयन’ या शेवटांच्या लगेच आधीच्या अवयवावर आघात येतो. ‘इलेक्ट्रिक’मध्ये तो दुसऱ्यावर आहे, ‘इलेक्ट्रिसिटी’त तिसऱ्यावर. ‘एज्युकेशन’मध्ये ‘के’वर. ‘पॉलिटिक्स’, ‘पोलिटिकल’, ‘पॉलिटिशियन’ ही तिकडी पाठ करण्यासारखी आहे, कारण आघात अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अवयवावर चढत जातो. त्यातला पहिला शब्द ‘-इक’च्या नियमाला अपवाद आहे हेही लक्षात राहते. काही प्रत्यय आघात स्वतःकडेच खेचतात. ‘इंजिनिअर’, ‘व्हॉलंटिअर’, ‘जॅपनीज’, ‘एम्प्लॉयी’ यांत तो शेवटावर असतो. महाराष्ट्रात इंजिनिअरांची वाण नाही, पण त्यांतले बहुतेक स्वतःच्या पदवीवर आघात पहिल्याच अवयवावर देतात. ‘कमिटी’ दिसायला याच गटातली, पण तिचा आघात मधल्या ‘मि’वर आहे. ‘-नेस’, ‘-लेस’, ‘-फुल’, ‘-ली’, ‘-इंग’ हे प्रत्यय मात्र निरुपद्रवी आहेत. ते लागले तरी मूळ शब्दाचा आघात जागचा हलत नाही.

या सर्वांना एका सूत्रात ओवण्याचा मोठा प्रयत्न नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांनी 1968 मध्ये ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात केला. आघात पाठ करण्याची गोष्ट नसून तो नियमांनी निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. भाषाविज्ञानाला त्याचा फायदा मोठा झाला. तो ग्रंथ वाचून कुणी आघात बरोबर द्यायला शिकला असेल असे वाटत नाही.

जोडशब्दांचे शास्त्र वेगळे. दोन शब्द एकत्र येऊन एका वस्तूचे नाव झाले, की आघात बहुधा पहिल्यावर येतो: ‘ब्लॅकबोर्ड’ म्हणजे वर्गातला फळा, मग तो हिरवा का असेना. विशेषण आणि नाम वेगळे राहिले तर वजन दुसऱ्यावर. ‘इंग्लिश टीचर’मध्ये ‘इंग्लिश’ ठळक केले तर इंग्रजी शिकवणारा शिक्षक, आणि ‘टीचर’ ठळक केले तर इंग्रज असलेला शिक्षक. इचलकरंजीच्या शाळेतले इंग्रजीचे सर पहिल्या प्रकारचे असतात. चुकीच्या आघाताने त्यांचे नागरिकत्व बदलते.

आघाताशी जोडलेली आणखी एक बाब मराठी भाषकांच्या ध्यानात क्वचित येते. इंग्रजीत प, ट, क हे ध्वनी आघातयुक्त अवयवाच्या आरंभी आले की त्यांच्यामागून श्वासाचा झोत येतो. ‘पेपर’मधला पहिला प झोताचा, दुसरा साधा. मराठीत प आणि फ, ट आणि ठ, क आणि ख वेगळे असल्यामुळे हा झोत आपल्या तोंडात आहेच. पण स्पेलिंगमध्ये ‘एच’ नसल्याने आपण तो देत नाही आणि ‘पिन’ इंग्रजी कानाला ‘बिन’ ऐकू येण्याचा धोका पत्करतो.

आघात छापून दाखवण्याची गरज इंग्रजांनाही पडली. सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1755 च्या कोशात आघाताची खूण आहे. जॉन वॉकर यांच्या 1791 च्या उच्चारकोशात स्वरांवर आकडे घालून त्यांचे उच्चार दाखवले आहेत. पण ही सर्व व्यवस्था इंग्रजी स्पेलिंग ज्याला आधीच येते त्याच्यासाठी होती. परक्याला उपयोगी पडेल अशी लिपी शिक्षकांनी घडवली. 1886 मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने उच्चारशिक्षकांची एक संस्था निघाली. तिचेच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र परिषदेत रूपांतर झाले. 1888 मध्ये तिने आपली वर्णमाला प्रसिद्ध केली. तत्त्व साधे होते: एका ध्वनीला एक चिन्ह, एका चिन्हाला एक ध्वनी. हे तत्त्व देवनागरी वाचणाऱ्याला नवल वाटण्यासारखे नाही. संस्थेचे नियतकालिक 1970 पर्यंत, पत्ता आणि सूचनांसकट, याच लिपीत छापले जाई.

इंग्लंडमध्ये या कामाचा पाया हेन्री स्वीट यांनी 1877 च्या आपल्या ग्रंथाने घातला होता. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या प्राध्यापकाच्या मागे स्वीट यांची छाया आहे, आणि त्याच नाटकाची ‘ती फुलराणी’ झाल्यामुळे ध्वनिशास्त्रज्ञ नावाचा प्राणी मराठी प्रेक्षकाला पु. ल. देशपांडे यांच्याकडून कळला. डॅनियल जोन्स यांनी 1917 मध्ये काढलेला इंग्रजी उच्चारकोश पुढे अनेक पिढ्यांचा प्रमाणग्रंथ ठरला. त्यात शब्दांचे अर्थ नाहीत, फक्त उच्चार आहेत. ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशासारख्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांमुळे ही लिपी घरोघरी गेली.

या लिपीत ब्रिटिश प्रमाण उच्चाराचे 44 ध्वनी मोजले जातात: 24 व्यंजने आणि 20 स्वर. विद्यार्थ्याला नवी चिन्हे शिकावी लागतात ती मूठभर. उलटा ठेवलेला छोटा ‘ई’ म्हणजे श्वा. सर्वांत आधी शिकावा तो हाच. ताणून उंच केलेला ‘एस’ म्हणजे श. शेपूट आत वळवलेला ‘एन’ म्हणजे ‘सिंग’मधला ङ. ग्रीक थीटा म्हणजे ‘थिंक’चा आरंभीचा ध्वनी, जो मराठी थ नव्हे. ‘जे’ हे चिन्ह य साठी आहे. रोमन ‘जे’ पाहून ज वाचण्याची चूक पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण करतो. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत जोन्स एकच चिन्ह वापरून दुसऱ्यापुढे लांबीची खूण देत. जोन्स यांच्याच कोशाच्या, ए. सी. गिम्सन यांनी संपादित केलेल्या 1977 च्या आवृत्तीत चिन्हेही वेगळी झाली, कारण फरक लांबीपुरता नाही, स्वराच्या जातीचाही आहे. ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद लिहिण्यात कडक आणि बोलण्यात सैल ठेवणाऱ्या मराठी माणसाला ही दुरुस्ती विशेष उपयोगी आहे.

आघाताची खूण म्हणजे वरच्या बाजूला दिलेली एक बारीक उभी रेघ. ती आघातयुक्त अवयवाच्या आधी येते, नंतर नाही. जुन्या कोशांत ती नंतर येत असे, त्यामुळे दोन पिढ्यांचे कोश शेजारी ठेवून वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. तीच रेघ खालच्या बाजूला असली तर दुय्यम आघात. ‘एज्युकेशन’मध्ये वरची रेघ ‘के’च्या आधी आणि खालची शब्दाच्या आरंभी असते. कोशातली नोंद वाचताना आधी रेघ शोधावी, मग उलटे ‘ई’ मोजावेत आणि शेवटी बाकीची चिन्हे वाचावीत. या क्रमाने वाचले की शब्दाचा सांगाडा आधी हाती येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चारांत रेघेची जागा कधीकधी बदलते: ‘लॅबोरेटरी’त ब्रिटिश माणूस दुसऱ्या अवयवावर आघात देतो, अमेरिकन पहिल्यावर, ‘गॅरेज’मध्ये ब्रिटिश पहिल्यावर, अमेरिकन दुसऱ्यावर. दोन्ही बरोबर आहेत. एकाच वाक्यात दोन्ही आणू नयेत एवढेच.

शब्दापलीकडे वाक्यातही हाच खेळ चालतो. ‘अँड’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’, ‘वॉज’, ‘कॅन’ यांसारखे छोटे शब्द वाक्यात आघात सोडतात आणि श्वावर येतात. ‘कॅन’ पूर्ण उच्चारला तर अमेरिकन श्रोत्याला तो ‘कान्ट’, म्हणजे नेमका उलट अर्थाचा, वाटू शकतो. आघातांमधले अंतर इंग्रजीत समान असते, असे एकेकाळी शिकवले जाई. मोजणीत तशी काटेकोर समानता सापडली नाही. तरी छोटे शब्द दाबून म्हणण्याची सवय लागल्याशिवाय इंग्रजीची लय येत नाही, हा अनुभव शिकवणाऱ्यांना रोजच येतो.

मराठी वाचकापुढे इंग्रजी उच्चार बहुतेक वेळा देवनागरीत येतो, आणि देवनागरी या कामाला पुष्कळ अंशी समर्थ आहे. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांसाठी मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे केव्हाच स्वीकारली. दोन उणिवा राहतात. एक, शब्दाच्या शेवटचा अ मराठी वाचक उच्चारत नाही, त्यामुळे ‘बनाना’चा शेवटचा श्वा नुसत्या ‘न’ने दाखवला तर तो गिळला जातो, तेथे ‘नअ’ असे लिहिणे भाग आहे. दुसरी उणीव आघाताची, आणि ती भरून काढायला एका टिंबाइतकी शाई लागते. ‘फ'टॉग्रफअ’ असे छापले की नवी लिपी न शिकलेल्या मुलालाही वजन कुठे टाकायचे ते कळेल. इंग्रजी-मराठी कोश आणि शालेय शब्दसूची करणाऱ्यांनी पुढच्या आवृत्तीत ही उभी रेघ द्यावी.